जाहीर नसलेली जाहिरात : दवंडीपासून मोबाइलपर्यंत, भंडारा जिल्ह्याच्या निमित्ताने

#धागा

१/ ‘जाहिरात’ हा शब्द ‘जाहीर’ या शब्दाच्या कुळातला आहे. अरबी-फारसीतून मराठीत आलेल्या ‘जाहीर’चा अर्थ उघड, प्रकट, सर्वांसमक्ष. जाहीर सभा, जाहीर लिलाव, जाहीरनामा, जाहीर सूचना या सगळ्या शब्दप्रयोगांत एक अट अध्याहृत असते. जे सांगायचे ते चारचौघांत सांगावे, आणि सांगणारा कोण हे ऐकणाऱ्याला कळावे.

२/ ऑनलाइन माध्यमांनी जाहिरात स्वस्त केली, वेगवान केली, लहान दुकानदाराच्या आवाक्यात आणली, असे गुणगान सर्वत्र ऐकू येते. त्यात तथ्य आहे. परंतु या गुणगानाच्या आड एक मोठी हानी झाकली जाते. जाहिरातीच्या मुळाशी असलेली ‘जाहीर’पणाची अटच मोडली गेली आहे. ही अट कशी घडली, कायद्यात कशी उतरली आणि गेल्या पंचवीस वर्षांत कशी विरघळली, याचा हा इतिहास. तो एका जिल्ह्याच्या आधाराने पाहिला तर अधिक स्पष्ट दिसतो. तो जिल्हा म्हणजे भंडारा.

३/ आरंभ दवंडीपासून. गावातील कोतवाल डफडे वाजवीत चौकाचौकांत उभा राही आणि महसुलाची, लिलावाची, रोगराईची वा बाजाराची वार्ता सांगे. दवंडीत दोन गोष्टी आपोआप साधत. एक, पाटलाच्या वाड्यापासून गावकुसापर्यंत वार्ता सर्वांना एकच असे. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरी सांगण्याची सोय नव्हती. दोन, सांगणारा माणूस गावाच्या ओळखीचा असे. वार्ता खोटी निघाली तर कोणाला विचारायचे, हे शोधावे लागत नसे.

४/ भंडाऱ्याची ओळख पितळी भांड्यांचे शहर अशी. भांड्याची जाहिरात भांडेच करी. आठवडी बाजारात ते हातात घेऊन पाहावे, वाजवून पाहावे, शेजारच्या दुकानातील भांड्याशी ताडून पाहावे, आणि विक्रेत्याच्या तोंडावर नापसंती सांगावी. मोहाडी-आंधळगावच्या कोशाच्या वस्त्रांचेही तसेच. ऐनाच्या झाडांवर जोपासलेल्या कोशांचे सूत, मागावर विणलेला काठ, हे बोटांनी पारखण्याचे विषय होते. खोटा माल आणि खरा माल एकाच ओळीत मांडलेला असे. त्यामुळे खोट्याला खऱ्याच्या शेजारी बसण्याचा धोका पत्करावा लागे.

५/ मग आली बिडी. गोंदिया १ मे १९९९ रोजी वेगळा जिल्हा झाला. तोवरच्या अखंड भंडारा जिल्ह्यात तेंदूपाने आणि बिडी यांवर असंख्य कुटुंबांची चूल पेटत असे. बिडीच्या कट्ट्यावरचे रंगीत लेबल हा या भागातील सर्वांत सर्वदूर पोहोचलेला जाहिरातीचा कागद. ज्या गिऱ्हाइकाला अक्षरओळख नाही, तोही लेबलावरचे चित्र पाहून आपली बिडी ओळखी. त्याच कागदावर कारखानदाराचे नाव आणि गाव छापलेले असे. चित्राने गिऱ्हाईक ओढायचे आणि नावाने जबाबदारी स्वीकारायची, अशी ही दुहेरी रचना होती.

६/ या रचनेला कायद्याची चौकट मिळाली ती १८६७ मध्ये. त्या वर्षीच्या मुद्रणालये व पुस्तके नोंदणी कायद्याच्या कलम ३ ने भारतात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकावर आणि कागदावर मुद्रकाचे नाव व मुद्रणाचे स्थळ स्पष्ट छापणे बंधनकारक केले. ते प्रसिद्ध करायचे असेल तर प्रकाशकाचे नाव आणि स्थळही. वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत दिसणारी ओळ ती हीच. सरकीच्या ढेपेच्या पत्रकाखाली, नाटकाच्या भित्तिपत्रकाखाली, मंगलकार्यालयाच्या माहितीपत्रकाखाली छापखान्याचे नाव दिसे, त्याचेही मूळ येथेच.

७/ ही ओळ लोकहितासाठी जन्मली, असे समजण्याचे कारण नाही. १८५७ नंतरच्या दशकातील परकीय सरकारला कोण काय छापतो यावर नजर ठेवायची होती. ओळीचा जन्म संशयातून झाला. तरीही तिचा उपयोग सरकारपुरता राहिला नाही. वाचकाला, गिऱ्हाइकाला, बदनामी झालेल्या माणसाला, फसवल्या गेलेल्या शेतकऱ्याला त्या ओळीने एक दार दाखवले. पत्रक खोटे असेल तर निदान छापखान्यात जाऊन ‘हे छापायला कोण आला होता?’ एवढे विचारता येत असे.

८/ राजकीय प्रचारात या ओळीचे मोल अधिकच. मे १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. भंडारा तेव्हा मध्य प्रदेश राज्यात होता. राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी त्यांचा पराभव केला. त्याच पोटनिवडणुकीत सर्वसाधारण जागेवरून अशोक मेहता निवडून आले. अवघ्या देशाचे लक्ष वेधणाऱ्या त्या लढतीत जे पत्रक छापले जाई, त्यावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव असणे १८६७ च्या कायद्याने आवश्यक होते. सभा सर्वांसमोर, पत्रक सर्वांसमोर. विरोधकाचे म्हणणे वाचूनच त्याला उत्तर देता येत असे.

९/ पुढे १९६१ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १२७-क घालण्यात आले. निवडणुकीच्या पत्रकावर वा भित्तिपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक या दोघांचे नाव-पत्ते दर्शनी भागावर हवेत. नसल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. स्वतंत्र भारताच्या संसदेने साम्राज्याच्या संशयातून जन्मलेली ओळ उचलली आणि तिला लोकशाहीची गरज म्हणून नव्याने लिहिले, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे.

१०/ व्यापारी जाहिरातींतही हाच प्रवास झाला. मधुमेहापासून वंध्यत्वापर्यंत सर्व व्याधींवर रामबाण इलाजाची हमी देणाऱ्या जाहिराती वर्तमानपत्रांत बोकाळल्या, तेव्हा १९५४ मध्ये औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) यांविरुद्ध कायदा झाला. २००३ च्या कायद्याने तंबाखूजन्य पदार्थांच्या जाहिरातींवर बंदी आणली. भिंतींवरच्या रंगवलेल्या बिडीच्या जाहिरातींवर चुना फिरला. २००९ पासून बिडीच्या कट्ट्यावरही आरोग्यविषयक सचित्र इशारा छापावा लागला.

११/ या कायद्यांनी फसवणूक समूळ नष्ट केली, असा दावा कोणी करणार नाही. पण कायदा चालवता येत होता, कारण जाहिरातीला शरीर होते. ती भिंतीवर होती, कागदावर होती, कट्ट्यावर होती. निरीक्षकाला दिसे, प्रतिस्पर्ध्याला दिसे, रस्त्याने जाणाऱ्या शिक्षकाला दिसे. सर्वांना दिसणाऱ्या गोष्टीवर बोट ठेवता येते. एवढ्या एका गुणावर जाहिरातविषयक कायद्यांची सारी इमारत उभी होती.

१२/ जुन्या व्यवस्थेची आरती ओवाळण्याचे कारण नाही. जिल्ह्याच्या वृत्तपत्रसृष्टीत तालुक्याचा वार्ताहर हाच जाहिराती गोळा करणारा प्रतिनिधी. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि दिवाळीच्या पुरवण्यांसाठी ज्या सरपंचाकडून, कंत्राटदाराकडून, सहकारी संस्थेकडून जाहिरात आणायची, त्याच्याचविरुद्ध बातमी लिहायची कशी? २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर ‘पेड न्यूज’चा प्रकार चव्हाट्यावर आला. पैसे मोजून छापलेला मजकूर बातमीच्या वेषात वाचकापुढे ठेवला गेला होता. जाहिरातीने आपले नाव लपवण्याचा हा मुद्रित माध्यमांतील सर्वांत निर्लज्ज प्रसंग.

१३/ त्याहून गंभीर उदाहरण याच जिल्ह्यातले आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील चौघांची निर्घृण हत्या झाली. प्रस्थापित वृत्तपत्रांनी आरंभीच्या काळात या अत्याचाराला त्याच्या गांभीर्यानुसार जागा दिली नाही. त्या काळात सत्यशोधन समित्यांचे अहवाल ई-मेल गटांतून आणि ब्लॉगांतून देशविदेशात फिरले. नोव्हेंबरात विदर्भात आणि राज्यभर आंदोलने उसळली. सप्टेंबर २००८ मध्ये भंडारा न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले.

१४/ ऑनलाइन माध्यमांचे समर्थक हे उदाहरण देतात आणि ते योग्यच आहे. ज्या जिल्ह्यातील सत्य वृत्तपत्रांच्या रकान्यांत मावले नाही, ते ब्लॉगांनी जगापुढे नेले. मात्र या उदाहरणातून नेमका कोणता निष्कर्ष निघतो, ते तपासले पाहिजे. ब्लॉग हे नवे तंत्र होते म्हणून ते सत्य बोलू शकले काय? की त्यांना बोलते करणारी कारणे निराळी होती?

१५/ दोन कारणे ठळक दिसतात. पहिले असे की, ज्या अहवालांनी खैरलांजीचे सत्य बाहेर आणले, ते नावानिशी लिहिलेले होते. समितीत कोण होते, ते कोणाकोणाला भेटले, हे त्यांत नमूद होते. माध्यम नवे असले तरी खालची ओळ जुनीच होती. दुसरे कारण असे की, त्या ब्लॉगांचा निर्वाह जाहिरातीवर नव्हता. कोणत्या शीर्षकाला किती वाचक आणि त्या वाचकांपोटी किती पैसे, असा हिशेब लिहिणाऱ्याच्या डोक्यात नव्हता.

१६/ मराठीत तर तो हिशेब शक्यच नव्हता. गूगलने जाहिरातींची आपली योजना २००० मध्ये सुरू केली आणि २००३ मध्ये ‘ॲडसेन्स’द्वारे इतरांच्या संकेतस्थळांवर जाहिराती द्यायला आरंभ केला. पण या योजनेत हिंदीचा समावेश व्हायला २०१४ चा डिसेंबर उजाडला आणि मराठीचा व्हायला २०१८. म्हणजे मराठी ब्लॉगलेखनाची पहिली दीड दशके या उत्पन्नाविना गेली. किल्ले, पाककृती, व्याकरण, विज्ञान, जातिप्रश्न, ग्रंथपरीक्षण अशा विषयांवर लोकांनी पदरमोड करून लिहिले.

१७/ ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि लाखांदूरपासून तुमसरपर्यंत मोबाइलवर चलचित्र पाहणे क्षुल्लक खर्चाचे झाले. वाचक आला, प्रेक्षक आला, त्यांच्यामागोमाग जाहिरातीचा पैसाही आला. २०२४ या वर्षी भारतातील माध्यम-मनोरंजन उद्योगात डिजिटल माध्यमांनी दूरचित्रवाणीला मागे टाकल्याची नोंद फिक्की आणि ईवाय यांच्या वार्षिक अहवालाने केली. पदरमोडीच्या लेखनाचे मैदान आठ-दहा वर्षांत बाजारपेठ बनले.

१८/ या बाजारपेठेची रचना समजून घेतल्याविना हानीचे स्वरूप कळत नाही. वर्तमानपत्र जागा विकत असे: इतके सेंटिमीटर, इतके रकाने, इतका दर. ज्याने अंक विकत घेतला त्या प्रत्येकाला तीच जाहिरात दिसे. ऑनलाइन मंच जागा विकत नाही. तो माणसाचे लक्ष विकतो. पान उघडताना निमिषार्धात लिलाव होतो. या क्षणी पडद्यासमोर असलेली व्यक्ती कोणत्या वयाची, कोणत्या गावची, काल तिने काय शोधले, यांवर बोली लागते. बोलीची रक्कम आणि ती व्यक्ती जाहिरातीवर बोट ठेवील याची शक्यता, या दोन्हींवर निकाल ठरतो. दाव्याच्या सत्यतेला त्या लिलावात बोली नसते.

१९/ परिणाम असा की, एकाच घरात शेजारी बसलेल्या दोन भावांना दोन भिन्न जाहिराती दिसतात. एकाला धानाच्या अद्भुत बियाण्याची, दुसऱ्याला झटपट कर्जाची. एकाला काय दिसले ते दुसऱ्याला कळत नाही. गावच्या कृषी सहायकाला ती जाहिरात दिसेलच असे नाही, प्रामाणिक बियाणे विक्रेत्याला दिसेलच असे नाही. दवंडी सर्वांच्या कानी पडे, हे तर एकाच्या कानात कुजबुजणे झाले. कुजबुजीला ‘जाहिरात’ म्हणणे हा शब्दाचा अपलाप आहे.

२०/ फसवणुकीविरुद्ध समाजाचे सर्वांत जुने संरक्षण कायदा नव्हते. ते होते शेजाऱ्याचे ‘अरे, हे खोटं आहे’ हे चार शब्द. ते उच्चारण्यासाठी शेजाऱ्यालाही तीच गोष्ट दिसावी लागते. लक्ष्य निवडून दाखवल्या जाणाऱ्या जाहिरातीने नेमके हे संरक्षण काढून घेतले. जो सर्वाधिक भोळा, सर्वाधिक गरजू, सर्वाधिक आजारी, त्याच्यापर्यंत एकट्याने पोहोचण्याची सोय तिने विक्रेत्याला दिली.

२१/ यावर नेहमीचे उत्तर असे: लहान माणसाला संधी मिळाली ना! आंधळगावच्या विणकराला आता पुण्याचे गिऱ्हाईक मिळते, भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला मुंबईत मागणी येते. हे खरे आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु समजा, त्याच लिलावात कोणी यंत्रमागावरचे कृत्रिम धाग्याचे वस्त्र ‘अस्सल करवती काठाचा कोसा’ म्हणून मांडले आणि विणकराहून चढी बोली लावली. पुण्याच्या गिऱ्हाइकाला आधी कोण दिसेल? बोटांनी पोत पारखण्याची सोय नाही, शेजारी खरा माल मांडलेला नाही, आणि विकणारा कोठला हे ठळकपणे लिहिलेले नाही.

२२/ करवत काटी वस्त्रांना आणि भंडाऱ्याच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मानांकनाचा अर्थच असा की, मालाखाली त्याच्या गावाचे नाव लिहिण्याचा अधिकार त्या गावाचा. ज्या बाजारात जाहिरातीखाली कोणतेच गाव नसते, तिथे हा अधिकार कागदावरच राहण्याचा धोका आहे. लहान माणसाला मिळालेल्या संधीचे खरे मोल राखायचे असेल, तर नावाच्या ओळीची गरज सर्वांआधी त्या लहान माणसालाच आहे.

२३/ राजकारणाकडे पुन्हा वळू. १९५४ नंतर चौसष्ट वर्षांनी, २८ मे २०१८ रोजी, भंडारा–गोंदिया मतदारसंघात पुन्हा लोकसभेची पोटनिवडणूक झाली. राष्ट्रवादी काँग्रेसचे मधुकर कुकडे विजयी झाले. समाजमाध्यमांवरील प्रचाराला पूर्वप्रमाणन लागू असल्याचे निवडणूक आयोगाने २०१३ मध्येच स्पष्ट केले होते. पण फेसबुकवर कोणी, कोणाला, किती पैसे देऊन काय दाखवले, याची सार्वजनिक नोंद भारतात फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली. त्याआधीच्या या पोटनिवडणुकीत सामान्य मतदाराला तशी नोंदवही उपलब्ध नव्हती.

२४/ म्हणजे ज्या मतदारसंघात १९५४ चे साधे पत्रक मुद्रकाच्या नावाविना छापणे गुन्हा होता, तिथे २०१८ चा पैसे मोजून केलेला प्रचार मतदाराच्या पडद्यावर पैसे देणाऱ्याच्या नावाविना उमटू शकत होता. तंत्र चौसष्ट वर्षे पुढे गेले आणि मतदाराचा जाणण्याचा हक्क चौसष्ट वर्षे मागे गेला. २०१९ नंतर सुधारणा झाली ती राजकीय जाहिरातींपुरती.

२५/ व्यापारी जाहिरातींची स्थिती काय? न्यायाने पाहिले तर अंधार संपूर्ण नाही. गूगलने २०२३ मध्ये जाहिरात पारदर्शकता केंद्र उघडले. जाहिरातीच्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांमागे पडताळलेल्या जाहिरातदाराचे नाव आणि देश शोधता येतो. मेटाच्या जाहिरात-संग्रहात चालू जाहिराती पाहता येतात. पण भारतातील व्यापारी जाहिरात थांबली की ती संग्रहातून नाहीशी होते. फसवले गेल्याचे कळते ते सामान्यतः नंतर. पत्रक निदान उशीखाली राहत असे.

२६/ आता फसवल्या गेलेल्या ग्राहकाच्या जागी उभे राहून पाहावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ उत्तम आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करण्याची मुभा, म्हणजे लाखांदूरच्या शेतकऱ्याला मुंबई-दिल्लीस जावे लागत नाही. भंडाऱ्यात काम होते. पण तक्रारीत एक गोष्ट लिहावीच लागते: विरुद्ध पक्षाचे नाव आणि पत्ता. सारा कायदा त्या रिकाम्या रकान्यापाशी येऊन थबकतो.

२७/ मंच म्हणतात, आम्ही केवळ भिंत आहोत. भिंतीवर कोण काय लिहितो याची जबाबदारी भिंतीची नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ ने मध्यस्थांना असे संरक्षण दिलेलेही आहे. परंतु भिंत लिलाव करीत नाही, वाचक निवडीत नाही, कोणत्या शब्दाला किती बोली लावावी हे सुचवीत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने व्यापारचिन्हांच्या एका वादात म्हटले की, गूगल आपल्या जाहिरात योजनेत निष्क्रिय मध्यस्थ नसून सक्रिय सहभागी आहे. भिंतीच्या युक्तिवादाला गेलेला हा तडा महत्त्वाचा आहे.

२८/ राज्यसंस्थेचे वर्तन याहून लाजिरवाणे. २०१६ मध्ये केंद्र सरकारने परदेशी कंपन्यांना दिल्या जाणाऱ्या ऑनलाइन जाहिरातींच्या मोबदल्यावर ‘इक्वलायझेशन लेव्ही’ नावाचे ६ टक्के शुल्क बसवले. ते १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. जवळजवळ नऊ वर्षे सरकारने या व्यवहारातील आपला वाटा मोजून घेतला. त्या बदल्यात जाहिरातीखाली पैसे देणाऱ्याचे नाव ठळक लिहा, एवढी अट मात्र घातली नाही. पैशाचा माग काढता येतो, मग नावाचा काढता येत नाही, हे पटण्याजोगे नाही.

२९/ इकडे जुनी ओळही पुसट होत आहे. १८६७ चा कायदा रद्द होऊन १ मार्च २०२४ पासून नवा वृत्तपत्र व नियतकालिके नोंदणी कायदा, २०२३ लागू झाला. वसाहतकालीन जाच दूर झाला, हे चांगले. पण नवा कायदा नियतकालिकांपुरता आहे. नवी ओळ पडद्यावर लिहिण्याऐवजी जुनी ओळ कागदावरून उतरवली गेली, असा याचा अर्थ होऊ नये.

३०/ समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये नियमावली आणली. ‘ही जाहिरात आहे’ हे स्पष्ट लिहिण्याची अट घातली. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र शासनानेही मार्गदर्शन प्रसिद्ध केले. ‘पेड न्यूज’चे दुखणे नव्या देहात शिरल्याची ही कबुली. मात्र ‘ही जाहिरात आहे’ एवढे सांगणे पुरेसे नाही. ‘ही अमक्याची जाहिरात आहे, तो अमक्या गावी राहतो’ इथपर्यंत वाक्य पूर्ण झाले पाहिजे. जिल्ह्यातील वृत्त-पोर्टल्स आणि चलचित्र वाहिन्या यांनाही हे तितकेच लागू.

३१/ हे अशक्य आहे काय? युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने जाहिरात कोणाच्या वतीने दाखवली जात आहे आणि पैसे कोणी दिले, हे पाहणाऱ्याला त्या जागीच सांगणे बंधनकारक केले. मोठ्या मंचांनी जाहिरातींचा सार्वजनिक संग्रह ठेवावा आणि जाहिरात थांबल्यावरही वर्षभर तो राखावा, असेही बजावले. त्याच कंपन्या तिथे हे पाळतात. मार्सेच्या मच्छीमाराला जे नाव दिसते, ते पवनीच्या मासेमाराला दिसू नये, याला तंत्रज्ञानाचे कोणतेही कारण नाही. मागणीचा अभाव एवढेच कारण आहे.

३२/ म्हणून मागणी नेमकी असावी. पैसे देऊन दाखवलेल्या प्रत्येक मजकुराखाली, ठिपक्यांच्या आड न लपवता, पैसे देणाऱ्याचे नाव व गाव वाचकाच्या भाषेत दिसावे. प्रत्येक जाहिरात, ती कोणत्या गटाला दाखवली या माहितीसह, किमान तीन वर्षे सार्वजनिक संग्रहात राहावी. प्रतिस्पर्धी, पत्रकार, कृषी अधिकारी, शेजारी कोणालाही ती पाहता यावी. जाहिरातदाराचा पत्ता न देणाऱ्या मंचालाच ग्राहक आयोगापुढे विरुद्ध पक्ष मानावे. आणि शासनाने आपल्या जाहिराती ज्या संकेतस्थळांना द्यायच्या, त्यांनी आपले नाव-पत्ते दर्शनी ठेवणे ही पहिली पात्रता असावी.

३३/ यात नवे काहीच नाही. भंडाऱ्यातील एखाद्या गल्लीतला, पायाने यंत्र चालवणारा छापखानेवाला शंभर पत्रकांच्या कामातही तळाशी एक ओळ जुळवीत असे: आपले नाव, आपले गाव. त्या ओळीसाठी त्याला कोणी वेगळे पैसे देत नव्हते. निमिषार्धात कोट्यवधी लिलाव उरकणाऱ्या यंत्रांकडून तेवढीच एक ओळ मागायची आहे. ती मिळेपर्यंत पडद्यावर जे दिसते त्याला विक्री म्हणावे, आमिष म्हणावे. ‘जाहिरात’ हा शब्द मात्र राखून ठेवावा.

(धागा समाप्त)